विरजण कुठून आलं? कंपायलरच्या वंशावळीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना माझे जे ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ होतात ते काढलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.

एका श्रोत्याने विचारलं होतं, “सी भाषेचा कंपायलर सी भाषेतच लिहिलेला असतो, असं आमचे सर म्हणतात. मग पहिला कंपायलर कशाने कंपाइल केला?” प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तराला पासष्ट-सत्तर वर्षं लागतात. म्हणून अख्खा भाग त्यालाच दिला.

आधी थोडी ओळख, सगळ्यांचं शिक्षण कॉम्प्युटरचं नसतं. प्रोसेसरला फक्त आकडे कळतात. अमुक आकडा आला की बेरीज कर, तमुक आला की उडी मार. आपण माणसं लिहितो ते वाचता येईल अशा भाषेत, सी, रस्ट, कोटलिन वगैरे. या मजकुराचं प्रोसेसरच्या आकड्यांत रूपांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. आणि कंपायलर एकटा नसतो. त्याच्या सोबत असेम्बलर, लिंकर, तयार लायब्ऱ्या असा सगळा गोतावळा असतो, त्याला मिळून टूलचेन म्हणतात.

आता प्रत्येक जातीच्या प्रोसेसरचे आकडे वेगळे. लॅपटॉपमधल्या इंटेलचे वेगळे, फोनमधल्या आर्मचे वेगळे. ज्या जातीच्या यंत्रावर कंपायलर चालतो, त्याच जातीसाठी तो आकडे काढत असेल तर तो नेटिव्ह कंपायलर. चालतो एकीकडे आणि आकडे काढतो दुसऱ्याच जातीसाठी, तर तो क्रॉस कंपायलर. मुंबईचा डबा आठवा. स्वयंपाक डोंबिवलीत, जेवण चर्चगेटला. ऑफिसात शेगडी नाही, म्हणून काय कुणी उपाशी राहत नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी कॉलेजात आर्डुइनोवर एलईडी लुकलुकवलाय, त्यांनी क्रॉस कंपायलर वापरलाय, बहुतेकांना ते माहीतही नसेल. आर्डुइनो उनोवरच्या चिपमध्ये काम करायला मेमरी आहे २ किलोबाइट आणि प्रोग्राम ठेवायला ३२ किलोबाइट. तिच्यात कंपायलर मावणं सोडाच, कंपायलरने दिलेला एखादा लांबलचक एरर मेसेजही मावायचा नाही. म्हणून कंपायलर चालतो लॅपटॉपवर आणि यूएसबीच्या वायरने डबा पोचतो. तुमच्या फोनचंही तेच. अँड्रॉइड ही अख्खी सिस्टिम मोठमोठ्या लिनक्स कॉम्प्युटरांवर तयार होते आणि मग आर्मच्या फोनवर येते.

बरं, आता इतिहास.

१९५२ च्या आसपासची गोष्ट. अमेरिकेत ग्रेस हॉपर युनिव्हॅक या यंत्रावर काम करत होत्या. तेव्हा प्रोग्रामरकडे आधी लिहून तपासलेले छोटे छोटे तुकडे असायचे, वर्गमूळ काढायचा एक, साइन काढायचा एक. नव्या प्रोग्राममध्ये ते हाताने उतरवून घ्यायचे आणि उतरवताना चुका व्हायच्या. हॉपरबाईंनी ए-झिरो नावाचा प्रोग्राम केला. त्याला तुकड्यांचे नंबर द्यायचे, तो टेपवरून ते गोळा करून, पत्ते जुळवून एकसंध प्रोग्राम बनवायचा. गोळा करणं, संकलन करणं, हा कंपाइल शब्दाचा मूळ अर्थ, आणि नाव त्यावरून पडलं. आजच्या हिशोबाने तो कंपायलरपेक्षा लिंकरच्या जवळचा होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. कॉम्प्युटर फक्त गणितं करतो, प्रोग्राम लिहिणं त्याचं काम नाही, असंच लोकांना वाटायचं, आणि बराच काळ त्यांचं कुणी ऐकलंच नाही, असं त्या पुढे सांगत.

मग १९५७ मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या गटाने फोर्ट्रान आणलं, ७०४ या यंत्रासाठी. हा मात्र आजच्या अर्थाने खराखुरा कंपायलर. तो स्वतः असेम्ब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या आकड्यांना जेमतेम नावं दिलेल्या भाषेत लिहिलेला होता. ७०४ वरच चालायचा, ७०४ साठीच आकडे काढायचा. त्याला कुणी नेटिव्ह म्हटलं नाही, कारण दुसरं काही असू शकतं याची गरजच पडली नव्हती. मोबाइल येईपर्यंत घरातल्या फोनला कुणी लँडलाइन म्हणत होतं का?

श्रोत्याच्या प्रश्नाचं पहिलं सुटसुटीत उत्तर सापडतं १९६२ मध्ये, एमआयटीत. टिम हार्ट आणि माइक लेविन यांनी लिस्प भाषेचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला. चालवायचा कसा? तर लिस्पचा इंटरप्रिटर आधीपासून होता. इंटरप्रिटर भाषांतर करून ठेवत नाही, एकेक ओळ वाचतो आणि तिथल्या तिथे करून दाखवतो. काम हळू, पण होतं. त्यांनी इंटरप्रिटरवर नवा कंपायलर चालवला आणि त्याच्यापुढे ठेवला त्याचाच मजकूर. कंपायलरने स्वतःचं भाषांतर केलं. त्यानंतर इंटरप्रिटरची या कामापुरती गरज संपली.

याला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. मला मात्र यासाठी आपल्या घरचा शब्द जास्त जवळचा वाटतो, विरजण. दही लावायला दही लागतं. घरात नसेल तर शेजारच्या काकूंकडून वाटीभर आणायचं, एकदा लावलं की पुढे रोज आपलंच. शेजारून आणणं म्हणजे क्रॉस, घरचं घरी लावणं म्हणजे नेटिव्ह. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात आवडतो तो बेल लॅब्जचा तुकडा. १९६९, न्यू जर्सी. केन थॉम्प्सन यांना एक जुनं, फारसं कुणी न वापरणारं पीडीपी-७ मिळालं. त्यावर त्यांनी जी सिस्टिम लिहायला घेतली ती पुढे युनिक्स झाली. आज तुमच्या अँड्रॉइडच्या पोटात जे लिनक्स आहे, ते तिच्याच वळणावर लिहिलेलं. आणि आयफोनच्या आतलं तर थेट तिच्या घराण्यातलं.

पण पीडीपी-७ वर सुरुवातीला काही लिहायची सोयच नव्हती. म्हणून थॉम्प्सन प्रोग्राम लिहायचे दुसऱ्याच यंत्रावर, जीई-६३५ नावाच्या एका मोठ्या धुडावर. त्या यंत्राच्या असेम्बलरला त्यांनी मॅक्रो लिहून पीडीपी-७ ची भाषा शिकवली. निघालेले आकडे कागदी फितीवर भोकांच्या रूपात छापले जायचे. ती फीत हातात घेऊन पीडीपी-७ कडे जायचं, घालायची, चालवायची, बिघडलं की परत. शब्दशः डबा पोचवणं! असं करत करत पीडीपी-७ वर एक बाळबोध कर्नल, एक एडिटर, एक असेम्बलर, एक साधा शेल आणि फायली कॉपी करणं-पुसणं असली चार-दोन साधनं जमा झाली. त्या दिवसापासून फीत बंद. यंत्र स्वतःचं स्वतः रांधू लागलं.

लक्षात घ्या, यादी किती छोटी आहे. स्वतंत्र घर मांडायला एवढंच लागतं. ग्राफिक्स नाही, नेटवर्क नाही. लिहायला एडिटर, भाषांतराला असेम्बलर, ठेवायला फायली.

मग थॉम्प्सन यांनी बी नावाची भाषा केली. तिचा पहिला कंपायलर लिहिला टीएमजी नावाच्या एका साधनात, कंपायलर लिहिण्यासाठीच केलेल्या. काम करतोय म्हटल्यावर तो पुन्हा लिहिला, या वेळी बी मध्येच. इथे एक मजेदार ओढाताण झाली, डेनिस रिची यांनी ती लिहून ठेवलीय. मेमरी इतकी तोकडी, की भाषेत एक नवी सोय घातली की कंपायलर फुगायचा आणि जेमतेम मावायचा. मग तीच नवी सोय वापरून कंपायलर पुन्हा लिहायचा, की तो आकसायचा. मग पुढची सोय. श्वास घेतल्यासारखं, फुगणं आणि आकसणं. भाषा आणि तिचा कंपायलर एकमेकांना वाढवत होते.

१९७० मध्ये नवं यंत्र आलं, पीडीपी-११. कंपनीला सांगितलं होतं की मजकूर छापायची सिस्टिम करायचीय म्हणून. यंत्र उन्हाळ्याच्या शेवटी पोचलं, पण त्याची डिस्क यायला डिसेंबर उजाडला. तोवर काय करायचं? पुन्हा तीच युक्ती, फक्त आता देणारं घर वेगळं. पीडीपी-७ वर क्रॉस असेम्बलर चालवून पीडीपी-११ साठी, डिस्कशिवाय नुसत्या मेमरीत चालणारं, छोटं युनिक्स तयार केलं. वर्षभरापूर्वी जे घर वाटी घेऊन शेजारी जात होतं, तेच आता दुसऱ्याला विरजण देत होतं. आणि नवं यंत्र त्या काळात बहुतेक वेळ कोपऱ्यात बसून काय करत होतं माहितीये? ६ बाय ८ च्या पटावर बुद्धिबळातल्या घोड्याच्या सगळ्या बंद फेऱ्या मोजत होतं. तीन महिन्यांचं काम. मला हे चित्र फार आवडतं. जगातली पुढची पन्नास वर्षं घडवणारं यंत्र, आणि डिस्क नाही म्हणून बिचारं घोडा नाचवतंय.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. बी मधून रिचींनी सी भाषा घडवली, १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल सी मध्ये पुन्हा लिहिला गेला. त्याने एक मोठी गोष्ट बदलली. सिस्टिम असेम्ब्लीत असते तेव्हा नव्या यंत्रावर न्यायला सगळं पहिल्यापासून लिहावं लागतं. सी मध्ये असली, की आधी नव्या यंत्रासाठी आकडे काढणारा क्रॉस कंपायलर करायचा आणि बाकीचं बरंचसं त्याच्या मागून येतं. म्हणजे कंपायलर नेला की गाव उठून मागे येतं.

हीच चाल गराजवाल्यांनीही खेळली. १९७५ मध्ये अल्टेअर ८८०० नावाचं किट बाजारात आलं, इंटेलच्या ८०८० प्रोसेसरचं. पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांनी त्यासाठी बेसिक भाषा लिहिली, आणि लिहिताना त्यांच्याकडे अल्टेअर नव्हतंच! हार्वर्डच्या पीडीपी-१० वर ॲलन यांनी ८०८० ची नक्कल करणारा सिम्युलेटर केला, सगळं काम त्यावर. कंपायलर नव्हे हां, ते असेम्ब्लीतलं काम, पण तत्त्व क्रॉसचंच. ॲलन कागदी फीत घेऊन विमानाने अल्बुकर्कला गेले. फीत वाचून घेणारा छोटा लोडर लिहायचाच राहिला होता, तो विमानात लिहिला. खऱ्या अल्टेअरवर तो प्रोग्राम आयुष्यात पहिल्यांदा चालला तो गिऱ्हाइकासमोर. दोन अधिक दोन विचारलं, चार आलं. मायक्रोसॉफ्ट त्यातून उभी राहिली. नक्कल करताना एक आकडा चुकला असता तर, असा विचार करून बघा.

आता फुकट आणि मोकळ्या कंपायलरकडे येऊ, कारण आजची बहुतेक टूलचेन तिथून निघते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला. मोकळी सिस्टिम हवी, तर मोकळा कंपायलर आधी हवा. दुसऱ्याच्या बंद कंपायलरवर सगळं उभं केलं तर मोकळं काय उरलं? त्यांनी आधी तयार काही मिळतं का पाहिलं. ॲमस्टरडॅमच्या फ्री युनिव्हर्सिटीत एक कंपायलर संच होता, नावातही ‘फ्री’. विचारल्यावर उत्तर आलं की मोकळं आहे ते विद्यापीठ, कंपायलर नव्हे. मग अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेचा पेस्टल नावाचा कंपायलर घेऊन पाहिला, तर तो अख्खा मजकूर मेमरीत घेऊन बसायचा आणि तेव्हाच्या छोट्या यंत्रांना ते झेपायचं नाही. शेवटी बसून नवा लिहिला. १९८७ मध्ये जीसीसी बाहेर आला.

जीसीसीने नेटिव्ह आणि क्रॉस या भानगडीला शिस्त लावली. तो बांधताना तीन नावं द्यायची असतात. बिल्ड, म्हणजे आत्ता कुठल्या यंत्रावर बांधतोय. होस्ट, म्हणजे बांधलेला कंपायलर कुठे चालणार. टार्गेट, म्हणजे तो कुणासाठी आकडे काढणार. तिन्ही एकच असतील तर नेटिव्ह. पहिली दोन एक आणि तिसरं वेगळं, तर क्रॉस. आणि तिन्ही वेगळी असली तर? समजा लिनक्सवर बसून असा कंपायलर बांधायचाय जो विंडोजवर चालेल आणि आर्डुइनोसाठी आकडे काढेल. याला नाव आहे कॅनेडियन क्रॉस. कॅनडाचा काय संबंध? काहीही नाही. या विषयाची चर्चा चालू होती तेव्हा कॅनडात राष्ट्रीय पक्ष तीन होते, म्हणून! प्रोग्रामर लोकांना नावं ठेवायला दिली की असं होतं.

टूलचेन बांधताना एक खास गाठ पडते. पूर्ण कंपायलर बांधायला सी ची लायब्ररी लागते, आणि ती लायब्ररी कंपाइल करायला कंपायलर लागतो. बरं, लायब्ररी हवी नव्या यंत्राची, जुन्याची चालत नाही. मग काय करतात, आधी एक अर्धामुर्धा कंपायलर बांधतात, लायब्ररीविना. त्याने लायब्ररी कंपाइल करतात. मग त्या लायब्ररीच्या जिवावर पूर्ण कंपायलर. हे स्वतःच्या हाताने करून बघायचं असेल तर ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ नावाचं पुस्तक आहे, गेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं, नेटवर फुकट. एक-दोन शनिवार-रविवार जातील, डोकं फिरेल, पण गाठ कळेल. आपल्याकडे आयआयटी मुंबईतही जीसीसीच्या आतल्या रचनेवर कार्यशाळा आणि अभ्यास झालाय, पवईत.

आणि नेटिव्ह जीसीसी बांधताना तो तीनदा बांधतात. पहिल्यांदा यंत्रावर आधी असलेल्या कुठल्याही कंपायलरने. मग त्या नव्याने पुन्हा दुसरा. मग दुसऱ्याने तिसरा. शेवटी दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवून बाइट-बाइट ताडून बघतात. दोन्ही एकाच मजकुरातून, एकाच मजकुराच्या कंपायलरने निघालेत, तर सारखेच असायला हवेत. शेजारच्या दह्याची चव दोन पिढ्यांत निघून जायला हवी, असं समजा.

जायला हवी. पण जाते का?

१९८३ चं ट्युरिंग पारितोषिक थॉम्प्सन आणि रिची यांना मिळालं. थॉम्प्सन यांचं त्या निमित्ताचं भाषण ऑगस्ट १९८४ मध्ये एसीएमच्या मासिकात छापून आलं, जेमतेम तीन पानांचं. लोक अपेक्षा करत होते युनिक्सच्या आठवणींची. त्यांनी सांगितला एक दरोडा.

दरोडा असा. युनिक्समध्ये पासवर्ड तपासणारा लॉगिन नावाचा प्रोग्राम आहे. त्यात मी चोरवाट ठेवली तर कुणीतरी मजकूर वाचेल आणि पकडेल. म्हणून चोरवाट ठेवायची कंपायलरमध्ये. लॉगिनचा मजकूर समोर आला की कंपायलर गुपचूप त्यात एक जास्तीचा पासवर्ड घुसवेल. पण मग कंपायलरचा मजकूर कुणी वाचला तर? म्हणून दुसरी खोड. कंपायलरचा स्वतःचा स्वच्छ मजकूर समोर आला, की त्यात या दोन्ही खोड्या पुन्हा घुसवायच्या. एकदा असा कंपायलर तयार करायचा आणि मजकुरातून सगळ्या खुणा पुसून टाकायच्या. आता मजकूर धुतल्या तांदळासारखा. तुम्ही तो ओळ न् ओळ वाचा, स्वतः कंपाइल करा. पण कंपाइल करणार कशाने? त्याच कंपायलरने. निघणारा नवा कंपायलर तितकाच नासका.

आत्ताच सांगितलेली जीसीसीची तिहेरी परीक्षा आठवा. असा कंपायलर त्यात नापास होईल का? अजिबात नाही. दुसरा नासका, तिसराही तसाच नासका, बाइट-बाइट सारखे, पास! ती परीक्षा चुका पकडायला आहे, चोर पकडायला नाही. विरजणातच खोट असेल तर दूध कितीही ताजं आणा.

हे नुसतं भाषणापुरतं नव्हतं. थॉम्प्सन यांनी तो कंपायलर खरोखर लिहिला होता, आणि २०२३ मध्ये रस कॉक्स यांनी त्यांच्याकडून मिळवून तो कोड समजावून सांगत प्रसिद्ध केला. आश्चर्य वाटावं इतका छोटा आहे.

“हे सगळं पुस्तकी झालं हो” म्हणणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०१५. आयफोनची ॲप मॅक कॉम्प्युटरवर एक्सकोड नावाच्या टूलचेनने बनतात, अर्थात क्रॉस. चीनमध्ये ॲपलच्या सर्व्हरवरून एक्सकोड डाउनलोड करायला फार वेळ लागायचा. म्हणून बऱ्याच डेव्हलपरांनी ते तिथल्या एका क्लाउड साइटवरून उतरवलं, कुणीतरी ‘मदत’ म्हणून ठेवलेलं. त्यात बदल केलेला होता. त्यातून बनलेल्या प्रत्येक ॲपमध्ये एक परका तुकडा आपोआप जोडला जायचा, फोनची माहिती बाहेर पाठवणारा. डेव्हलपरांचा स्वतःचा कोड स्वच्छ होता. ॲप स्टोअरच्या तपासणीतूनही ॲप पार झाली, आणि त्यात वीचॅटची एक आवृत्तीही होती. या प्रकाराला एक्सकोडघोस्ट नाव पडलं. थॉम्प्सन यांच्या युक्तीइतकं ते कसबी नव्हतं, स्वतःला पुन्हा जन्माला घालत नव्हतं, पण जागा तीच निवडली होती. घरफोडी करण्यापेक्षा कुलपाच्या कारखान्यात शिरा.

मग उपाय? एक उपाय डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये मांडला आणि २००९ च्या प्रबंधात सिद्ध केला. संशयित कंपायलरचा मजकूर घ्या. तो दुसऱ्याच, काही नातं नसलेल्या कंपायलरने कंपाइल करा. निघालेल्या कंपायलरचे आकडे वेगळे दिसतील, कारण भाषांतर करणारा वेगळा. पण तो वागायला तसाच हवा. मग याच नव्याने तोच मजकूर पुन्हा कंपाइल करा. आता जे निघेल ते मूळ संशयिताशी बाइट-बाइट जुळलं पाहिजे. नाही जुळलं, तर चौकशी लावा. म्हणजे लांबच्या आळीतल्या, ओळखीपाळखीच्या नसलेल्या घरातून विरजण आणून ताडून बघायचं. दोन्ही घरांत नेमकी एकच खोट असणं अवघड.

दुसरा उपाय जास्त हट्टी आहे आणि मला तोच जास्त भावतो. काही लोक म्हणाले, आम्हाला कुणाचंच विरजण नको. आम्ही अगदी पहिल्यापासून लावणार. ही कल्पना ऐकायला सोपी आहे, पण अडचण बघा. २०१३ पासून, म्हणजे ४.८ आवृत्तीपासून, जीसीसी बांधायला सी++ चा कंपायलर लागतो. तो कोण देणार? जुना जीसीसी. त्याला कोण? अजून जुना. मागे जात जात कुठेतरी हाताने लिहिलेले आकडे यायलाच हवेत, पण ते १९७० च्या दशकातल्या कुठल्या फितीवर होते आणि ती फीत आज कुठेय? वंशावळ तुटलेली आहे. म्हणून या लोकांनी नवी वंशावळ घडवली. एप्रिल २०२३ मध्ये ग्विक्स या लिनक्स प्रकल्पाने जाहीर केलं की त्यांची सिस्टिम आता ३५७ बाइटच्या बीजापासून उभी राहते. ३५७ बाइट! तुमचा गुड मॉर्निंगचा फुलांचा फोटो त्याच्या शेकडो पट मोठा असतो. ते ३५७ बाइट माणूस एका दुपारी बसून एकेक करून तपासू शकतो. ते एवढंच करतात, सोळाच्या पाढ्यातले अंक वाचून त्यांचे बाइट बनवतात. त्याने थोडा मोठा प्रोग्राम, त्याने अजून मोठा, मग एक तोकडा सी कंपायलर, मग मेस, मग टायनीसीसी, मग जुना जीसीसी २.९५, आणि तिथून पायरी पायरीने आजचा.

यात एक मेख आहे, आणि ती ते लोक लपवत नाहीत. हे सगळं चालतं ते आधीच चालू असलेल्या लिनक्स कर्नलवर, आणि कर्नल चालतो कुणीतरी बनवलेल्या प्रोसेसरवर. तिथलं विरजण अजून परक्याचंच आहे. म्हणून प्रोसेसरची रचना मोकळी असण्याला महत्त्व येतं. आयआयटी मद्रासचा शक्ती हा प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या मोकळ्या संचावर बेतलेला आहे आणि २०१८ मध्ये त्याच्या चिपवर लिनक्स चालून दाखवलं. त्याचेही प्रोग्राम आधी साध्या कॉम्प्युटरवर क्रॉस कंपायलरने तयार होतात. १९६९ च्या पीडीपी-७ ची जी अडचण होती ती प्रत्येक नव्या प्रोसेसरच्या वाट्याला येतेच, त्यातून सुटका नाही.

आता शेवटी तुमच्या फोनकडे. सुरुवातीला मी म्हटलं की फोनवरची सिस्टिम बाहेर शिजून येते. पण फोन अगदीच आयतोबा नाही. २०१४-१५ च्या आसपासचे फोन आठवतायत? अपडेट झाला की पडद्यावर यायचं, ‘ऑप्टिमायझिंग ॲप’, ८७ पैकी २३, आणि आपण चहा पिऊन यायचो तरी २३ चे ४० झालेले असायचे. ते काय चाललेलं असायचं? कंपाइलिंग. अँड्रॉइडची ॲप मधल्याच एका भाषेत येतात, कुठल्याच प्रोसेसरच्या नव्हे. अँड्रॉइड ५ पासून फोनवरच एक कंपायलर बसवला गेला, तो त्या मधल्या भाषेचं तुमच्या फोनच्या आर्मसाठी भाषांतर करतो. आर्मवर चालणारा, आर्मसाठी आकडे काढणारा, शंभर टक्के नेटिव्ह. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून वाट बघायला लावणं कमी झालं. फोन आता लक्ष ठेवतो की तुम्ही ॲपचा कुठला भाग जास्त वापरता, आणि रात्री चार्जिंगला लावून तुम्ही झोपलात की तेवढाच भाग कंपाइल करून ठेवतो. टर्मक्स नावाचं ॲप घातलंत तर त्यात क्लँग हा सी कंपायलर बसवून तुम्ही स्वतःही फोनवर प्रोग्राम कंपाइल करू शकता. करून बघा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

आणि रात्री दोन वाजता तुमच्या उशाशी काम करणारा तो अँड्रॉइडचा नेटिव्ह कंपायलर? तो मात्र आला लांबच्या कुठल्यातरी सर्व्हरवरून, क्रॉस कंपाइल होऊन.

पुढच्या भागात लिंकर. तोवर प्रश्न पाठवत राहा, असलेच.